आधी हवा, मग पेट्रोल

बुलेटला फ्री-फ्लो सायलेन्सर बसवला, मूळ एअर फिल्टरचा डबा काढून कोनाच्या आकाराचा उघडा फिल्टर लावला, की पुढचा सल्ला ठरलेला असतो: ‘आता जेट मोठा टाका, पेट्रोल वाढवावे लागेल.’ सल्ला चुकीचा नाही, पण त्यामागची समजूत बहुधा अपुरी असते. ताकद पेट्रोलमध्ये आहे, इंजिन मोकळे केले म्हणजे त्याला पेट्रोल जास्त पाजायचे, असा तो विचार असतो. या विचाराने काम करणारा जेटमागून जेट बदलतो. गाडी कधी सुधारते, कधी बिघडते, आणि दोन्ही वेळा कारण हाती लागत नाही. मॉडिफाय केलेल्या मोटरसायकलचे ट्यूनिंग समजून घ्यायचे तर क्रम उलटा लावावा लागतो. इंजिन मुळात हवा घेते. पेट्रोल त्या हवेच्या मागून, तिच्या मापाने येते. एवढे एक सूत्र धरून चालले तर कार्बोरेटर, इंजेक्शन, घाटाची उंची, ऋतू आणि पंपावर मिळणारे पेट्रोल यांचा एकमेकांशी असलेला संबंध आपोआप लागत जातो. ते सूत्र इथे सावकाश उलगडू.

आधी मापाची कल्पना यायला हवी. जुन्या कास्ट आयर्न बुलेट ३५० चे इंजिन घेऊ. सिलिंडरचा व्यास ७० मिलिमीटर, पिस्टनचा स्ट्रोक ९० मिलिमीटर, म्हणून क्षमता ३४६ सीसी. पिस्टन खाली येतो तेव्हा तेवढीच हवा आत यावी, असे गणित सांगते. प्रत्यक्षात वाटेत फिल्टर आहे, कार्बोरेटरचा गळा आहे, व्हॉल्व्हभोवतीची चिंचोळी फट आहे. हवा अडते, तापते, पसरते. पूर्ण मूठ पिळलेली असताना सिलिंडर ८० टक्के भरतो असे धरू. पुण्याच्या उंचीवर ३० अंश तापमानात एक लिटर हवेचे वजन साधारण १.१ ग्रॅम भरते. म्हणजे एका खेपेला इंजिन सुमारे ०.३ ग्रॅम हवा घेते. चौदा भाग हवेला एक भाग पेट्रोल धरले तर त्या हवेला लागते २२ मिलिग्रॅम पेट्रोल. एका मिलिलिटरचे चौतीस भाग केले तर त्यातला एक. इंजिन मिनिटाला ४००० फेरे घेत असेल तर ही देवघेव सेकंदाला तेहेतीस वेळा होते आणि दर वेळी पिस्टनला वरून खाली यायला जेमतेम साडेसात मिलिसेकंद मिळतात. इथे पाच टक्क्यांची चूक म्हणजे एका मिलिग्रॅमची चूक. हाताने करता येणार नाही इतके बारीक माप एक पितळी छिद्र, म्हणजे जेट, बिनतक्रार करत राहते. त्या छिद्राविषयी आदर वाटावा, असेच ते काम आहे.

आता या प्रमाणाचा अर्थ. शुद्ध पेट्रोलचा प्रत्येक कण जळावा आणि प्राणवायूही शिल्लक राहू नये, असे वजनाचे प्रमाण १४.७ ला १ आहे. पेट्रोल यापेक्षा जास्त झाले की मिश्रण रिच, कमी झाले की लीन. सर्वांत जास्त ताकद मात्र १४.७ वर मिळत नाही, ती १२.५ ते १३ च्या आसपास मिळते. याचे कारण साधे आहे. साडेसात मिलिसेकंदांत हवा आणि पेट्रोल एकजीव मिसळत नाहीत. थोडे पेट्रोल जास्त ठेवले तर आत आलेल्या प्रत्येक प्राणवायूच्या कणाला जोडीदार सापडण्याची शक्यता वाढते. शिवाय जादा पेट्रोल वाफ होताना उष्णता शोषते आणि आतले मिश्रण थंड करते. महत्त्वाचा मुद्दा हा की रिच मिश्रणातही आपण कामाला लावतो ती हवाच. पेट्रोल थोडे वाया घालवतो, ते हवेचा एकही कण वाया जाऊ नये म्हणून. त्यापुढे पेट्रोल ओतले तर त्याला जळायला प्राणवायूच उरत नाही. ते कार्बन मोनॉक्साइड होऊन, काजळी होऊन सायलेन्सरमधून बाहेर पडते आणि ताकद उलट घटते. ताकदीची कमाल मर्यादा हवा ठरवते, पेट्रोल ती मर्यादा गाठून देते.

हे खरे आहे की नाही, याची मोठी परीक्षा लडाखच्या वाटेवर होते. पुण्या-मुंबईहून दर वर्षी कितीतरी जण मोटरसायकलींनी तिकडे जातात. खार्दुंग ला सुमारे ५,३५० मीटर उंचीवर आहे. तिथल्या हवेची घनता समुद्रसपाटीच्या साधारण ५८ टक्के असते. कार्बोरेटरची गाडी तिथे पोचता पोचता काळा धूर टाकू लागते, प्लग काजळतो, चढावर गुदमरते. जाणकार तिथे लहान मेन जेट टाकतात. धूर थांबतो, गाडी स्वच्छ चालू लागते, पण मैदानावरची ओढ काही परत येत नाही. पेट्रोलचे प्रमाण आता बरोबर आहे, मग कमी काय पडले? हवा. ४२ टक्के हवा गेली आणि तिच्याबरोबर जवळपास तेवढी ताकद गेली. जगातला कोणताही जेट ती भरून काढू शकत नाही.

पण मग दुसरा प्रश्न उभा राहतो. हवा कमी झाली तर पेट्रोलही आपोआप कमी व्हायला हवे होते. तसे का झाले नाही? याचे उत्तर कार्बोरेटरच्या स्वभावात आहे, आणि मॉडिफाय केलेल्या गाडीचे सगळे कोडे त्याच उत्तरात दडलेले आहे.

कार्बोरेटर हवेचे वजन करत नाही. त्याच्या गळ्यातून हवा वेगाने गेली की तिथला दाब घटतो. वेग आणि दाब यांचे हे नाते दानिएल बर्नुलीने १७३८ मध्ये मांडले. अरुंद जागेतून वाहणाऱ्या प्रवाहाचा अभ्यास इटलीच्या व्हेंच्युरीने १७९७ मध्ये प्रसिद्ध केला. याच तत्त्वावर १८९३ च्या सुमारास बुडापेस्टच्या बांकी आणि चोंका यांनी आणि जर्मनीत मायबाखने पेट्रोलची फवार उडवणारे कार्बोरेटर केले. खाली फ्लोटच्या भांड्यात पेट्रोल असते, त्यावर बाहेरच्या हवेचा दाब असतो. वर गळ्यात दाब कमी असतो. या दोन दाबांतल्या फरकाने पेट्रोल जेटमधून वर ढकलले जाते. म्हणजे कार्बोरेटरला कळतो तो फक्त दाबातला फरक. त्या फरकावरून हवा किती गेली असेल, असा तो अंदाज करतो. हवा विरळ झाली की अंदाज चुकतो, कारण वाहणाऱ्या हवेचे वजन तिच्या घनतेवरही अवलंबून असते, पेट्रोलची घनता मात्र तीच राहते. गणित वर्गमुळाचे आहे. हवेची घनता ५८ टक्क्यांवर आली की इंजिनात जाणारी हवा ४२ टक्क्यांनी घटते, पण दाबातल्या फरकाने ओढले जाणारे पेट्रोल फक्त २४ टक्क्यांनी घटते. मैदानावर १३ ला १ लावलेली गाडी खार्दुंग ला वर १० ला १ च्या आसपास पोचते. कार्बोरेटर बिघडलेला नसतो. तो ज्या हवेसाठी लावला होता ती हवाच तिथे नसते.

इथे सूत्राचा दुसरा पदर हाती येतो. जेटचा आकार, जेटमध्ये वर-खाली होणाऱ्या नीडलचा निमुळतेपणा, मुठीबरोबर उचलल्या जाणाऱ्या स्लाइडचा काप या सगळ्या मिळून कारखान्याने करून ठेवलेल्या नोंदी आहेत: हे इंजिन, या सायलेन्सरसह, या फिल्टरसह, अशा हवेत, असे पेट्रोल घालून, मुठीच्या या टप्प्यावर इतकी हवा घेते. नोंद केली त्या दिवशी ती खरी होती. सातबाऱ्यावर जशी एकदा जिरायत म्हणून नोंद झाली की मागाहून विहीर खणून ऊस लावला तरी कागद जुनेच सांगत राहतो, तसे हे आहे. मॉडिफिकेशन म्हणजे जमीन बदलणे. ट्यूनिंग म्हणजे प्रत्यक्ष शेतात जाऊन पाहणी करणे आणि नोंद पुन्हा खरी करणे. पाहणीशिवाय नोंद बदलली तर एका जुन्या चुकीच्या जागी नवी चूक येते, एवढेच.

मग सायलेन्सर आणि फिल्टर बदलल्यावर नेमके काय बदलते? ‘इंजिन मोकळे झाले, हवा जास्त येते’ हे उत्तर अर्धे आहे. फिल्टरपासून सुरू करू. मूळ डब्यातून हवा ओढताना इंजिनाला थोडा जोर लावावा लागतो, म्हणून कार्बोरेटरच्या तोंडाशी दाब किंचित कमी असतो. फ्लोटच्या भांड्यावर मात्र बाहेरचा पूर्ण दाब असतो. त्यामुळे डबा थोडासा चोक ओढल्याप्रमाणे काम करतो, जास्तीचे पेट्रोल वर खेचायला मदत करतो, आणि कारखान्याने जेट निवडताना ही मदत धरलेली असते. डबा काढला की ती मदत जाते. इंजिनात हवा फार वाढली नसली तरी मिश्रण लीन होते. ‘साधा फिल्टर तर बदललाय, गाडी एवढी कोरडी का पडली?’ या प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा इथेच असते.

सायलेन्सरचे प्रकरण आणखी गुंतागुंतीचे आहे. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडतो तेव्हा जळालेल्या वायूचा एक धक्का पाइपमधून निघतो. गरम वायूत तो सेकंदाला पाचशे मीटरहून अधिक वेगाने धावतो. पाइपच्या उघड्या टोकाशी पोचला की त्यातला काही भाग उलटा फिरतो, आणि परतताना तो कमी दाबाची लाट होऊन येतो. दोन्ही व्हॉल्व्ह थोडे थोडे उघडे असतात त्या क्षणी ही लाट पोचली तर ती सिलिंडरमधला उरलासुरला धूर बाहेर ओढते आणि नवी हवा आत खेचते. इंजिन ८० टक्क्यांऐवजी ९० टक्के भरते. पण लाटेचा प्रवास ठरलेल्या वेळाचा आहे आणि इंजिनाचे फेरे बदलत राहतात. एका फेऱ्यावर ती लाट नेमकी पोचते, दुसऱ्यावर तिच्या जागी दाबाची लाट येऊन धडकते आणि आत आलेले मिश्रण मागे ढकलते. मागे ढकललेली हवा कार्बोरेटरच्या जेटवरून उलटी जाते, पुन्हा आत येते, आणि दर वेळी पेट्रोल उचलते. त्या एका पट्ट्यात गाडी रिच होते, ओढ मरते. मूळ सायलेन्सरमधले कप्पे या लाटा बोथट करतात, म्हणून कारखान्याच्या गाडीचा स्वभाव सपाट असतो. मोकळ्या पाइपमध्ये लाटा तीव्र राहतात. काही फेऱ्यांवर इंजिन जास्त हवा घेते, काहींवर पूर्वीइतकीच, आणि काहींवर पूर्वीपेक्षा कमी.

हे लक्षात आले की ‘दोन नंबर मोठा जेट टाका’ या सल्ल्यातली त्रुटी स्पष्ट दिसते. हवा सगळीकडे सारखी वाढलेली नाही, तर पेट्रोल सगळीकडे सारखे वाढवून कसे चालेल? शिवाय मेन जेट सगळीकडे पोचतही नाही. बुलेटवरच्या मिकुनी पद्धतीच्या व्हीएम कार्बोरेटरमध्ये मुठीचा प्रत्येक टप्पा वेगळ्या भागाच्या ताब्यात असतो. मूठ बंद असल्यापासून साधारण एक अष्टमांश उघडेपर्यंत पायलट जेट आणि एअर स्क्रू. तिथून पावपर्यंत स्लाइडच्या पुढच्या कडेचा काप. पावपासून पाऊणपर्यंत नीडल आणि नीडल जेट. पाऊणपासून पूर्ण उघडेपर्यंत मेन जेट. या हद्दी काटेकोर नाहीत, एकीचा प्रभाव दुसरीत थोडा उतरतो. पण रोजच्या शहरी वापरात मूठ पावाच्या पुढे क्वचितच जाते. म्हणजे गाडी स्लोवर बंद पडते, सिग्नलवरून निघताना अडखळते, अशी तक्रार असताना मेन जेट बदलणारा माणूस ज्या वाटेने पेट्रोल जातच नाही ती वाट रुंद करत असतो.

म्हणून पहिले काम तक्रारीचा टप्पा ओळखण्याचे. मुठीच्या कडेला पांढरी पट्टी चिकटवून पाव, अर्धी, पाऊण अशा खुणा केल्या तर गाडी नेमकी कुठे अडखळते ते डोळ्यांना दिसते. मग इंजिन पूर्ण तापलेले असताना पूर्ण मुठीपासून सुरुवात करावी. याला कारण आहे. नीडल जेटकडे जाणारे पेट्रोल मेन जेटमधूनच येते, त्यामुळे मेन जेट बदलला की मधला टप्पाही थोडा हलतो. पायलट जेट मात्र भांड्यातून स्वतंत्रपणे पेट्रोल घेतो. वरून खाली येत गेले तर आधी केलेले काम पुढच्या कामाने मोडत नाही. पूर्ण मुठीवर जोरात चाललेल्या इंजिनाची मूठ किंचित मागे घेऊन पाहावी. गाडीने क्षणभर जास्त जोर धरला तर मिश्रण लीन होते, कारण स्लाइड खाली येताच हवा लगेच कमी झाली आणि वेगात असलेले पेट्रोल थोडा वेळ तसेच येत राहिले. नुसती मंदावली तर मेन जेट बरोबर आहे किंवा थोडा मोठा आहे. मधल्या टप्प्यासाठी नीडलची क्लिप एक खाच खाली लावली की नीडल वर उचलली जाते आणि मिश्रण रिच होते. खाच वर लावली की लीन. स्लोसाठी एअर स्क्रू आत फिरवला की हवा घटते, मिश्रण रिच होते. एका वेळी एकच बदल, आणि प्रत्येक बदल वहीत. ही पूर्ण मुठीची परीक्षा मोकळ्या, बंद ठेवलेल्या मार्गावर किंवा डायनोवर, म्हणजे ताकद मोजणाऱ्या यंत्रावरच करायची, हेही त्याच शिस्तीचा भाग आहे.

इंजिनाला विचारायचे कसे, हा ट्यूनिंगमधला सर्वांत जुना प्रश्न. मेकॅनिकांच्या पिढ्यांनी प्लगचा रंग वाचला. बिस्किटासारखा तपकिरी चांगला, काळा म्हणजे रिच, पांढरा म्हणजे लीन. ही विद्या खरी होती, पण तिचा मोठा आधार पेट्रोलमधले शिसे होते. भारतात २००० सालच्या फेब्रुवारीपासून शिसेयुक्त पेट्रोल बंद झाले. आजच्या पेट्रोलचा रंग प्लगवर लवकर उतरत नाही. प्लग वाचायचा असेल तर नवा प्लग लावून, एकाच टप्प्यावर गाडी चालवून, क्लच दाबून इंजिन तिथेच बंद करून, चिनीमातीच्या अगदी तळाशी पाहावे लागते. घरापर्यंत रमतगमत येऊन काढलेला प्लग शेवटच्या दोन किलोमीटरांची हकिकत सांगतो, पूर्ण मुठीची सांगत नाही.

त्यापेक्षा थेट साक्ष ऑक्सिजन सेन्सर देतो. बॉशने १९७६ मध्ये व्होल्वोच्या मोटारीवर लॅम्डा सेन्सर आणला. तो धुरात उरलेला प्राणवायू पाहतो. गाड्यांवर येणारा साधा सेन्सर ०.१ ते ०.९ व्होल्टच्या दरम्यान बोलतो, आणि १४.७ च्या आसपास ०.४५ व्होल्टपाशी एकदम उडी मारतो. त्याला रिच की लीन एवढेच नीट सांगता येते. किती, हे सांगायला वाइडबँड सेन्सर लागतो. ट्यूनर पाइपला बसवतो तो हाच. पण साक्षीदारही तपासावा लागतो. सायलेन्सरच्या जोडावर गळती असेल तर बाहेरची हवा आत शिरते, सेन्सरला प्राणवायू जास्त दिसतो, आणि तो खोटेच लीन सांगतो. त्यावर विसंबून पेट्रोल वाढवले की गाडी रिच होते. मूठ सोडल्यावर फ्री-फ्लोमधून वाजणारे फटाकेही बऱ्याचदा याच गळतीतून येतात. ते ऐकून जेट बदलण्याआधी गॅस्केट पाहावे.

इंजेक्शनच्या गाडीने हे सगळे संपवले, असे अनेकांना वाटते. १ एप्रिल २०२० पासून बीएस-सहा आले आणि आपल्याकडच्या बहुतेक मोटरसायकली इंजेक्शनवर गेल्या. इसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, हवेचा दाब मोजतो, तापमान मोजतो, मूठ आणि फेरे पाहतो आणि इंजेक्टर किती मिलिसेकंद उघडायचा ते ठरवतो. हवेची घनता त्याला थेट कळते, म्हणून लडाखला ही गाडी काळा धूर टाकत नाही. पण सिलिंडर किती भरला हे त्यालाही दिसत नाही. त्यासाठी त्याच्याजवळ तक्ता असतो: एका बाजूला फेरे, दुसऱ्या बाजूला मूठ किंवा दाब, आणि प्रत्येक चौकटीत या ठिकाणी इंजिन किती भरते याचा आकडा. हा आकडा कारखान्यात, मूळ सायलेन्सरवर मोजलेला असतो. पितळेच्या छिद्राची जागा आकड्याने घेतली, जुन्या नोंदीचा स्वभाव तोच राहिला.

‘इसीयू स्वतः शिकतो, ट्यूनिंगची गरज नाही’ असेही म्हटले जाते. ते एका मर्यादेत खरे आहे. स्लोवर आणि एकसारख्या वेगाने जाताना इसीयू सेन्सरचे ऐकतो, चूक दिसली की थोडे पेट्रोल वाढवतो किंवा घटवतो. मूठ जोरात पिळली की बहुतेक गाड्यांत तो सेन्सरकडे पाहणे थांबवतो आणि तक्त्यावर विश्वास ठेवतो, कारण त्याला तिथे १३ च्या आसपासचे मिश्रण हवे असते आणि साधा सेन्सर त्या भागात आंधळा असतो. म्हणजे जिथे इंजिन सर्वांत जास्त तापते, नेमके तिथे कुणी तपासत नाही. बंगळूरच्या रेस डायनॅमिक्सचे पॉवरट्रॉनिक किंवा तशाच प्रकारचे जोड-यंत्र इथे उपयोगी पडते, कारण त्याच्या मदतीने तक्त्यातल्या चौकटी बदलता येतात. पण यंत्र विकत घेऊन त्यात दुसऱ्याच गाडीचा तक्ता, म्हणजे मॅप, भरला तर पुन्हा पाहणीविना केलेली नोंद झाली. डायनोवर, प्रत्येक चौकटीत इंजिन धरून ठेवून, वाइडबँडकडे पाहत आकडा बसवला, तर ते ट्यूनिंग झाले.

नोंदीतला तिसरा गृहीत घटक पेट्रोल. इंजिन तेच, हवा तीच, तरी मिश्रण बदलू शकते, हे अलीकडे सगळ्यांच्या अनुभवाला आले आहे. इथेनॉलच्या रेणूत स्वतःचाच प्राणवायू असतो, म्हणून त्याला जळायला फक्त नऊ पट हवा लागते. २०२३ पासून वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल आपल्याकडे मिळू लागले आणि पाहता पाहता ते सर्वत्र रुळले. त्याचे आदर्श प्रमाण १४.७ राहत नाही, साडेतेराच्या आसपास येते. जुन्या पेट्रोलवर लावलेली कार्बोरेटरची गाडी तेच जेट असताना या पेट्रोलवर सहा-आठ टक्के लीन चालते. त्यात फिल्टरचा डबाही काढलेला असेल तर दोन चुका एकाच दिशेने जमा होतात. इथे मीटर वाचतानाही सावध राहावे लागते. बहुतेक मीटर लॅम्डा, म्हणजे असलेली हवा आणि लागणारी हवा यांचे गुणोत्तर, मोजतात आणि त्याला १४.७ ने गुणून दाखवतात. वीस टक्के इथेनॉलवर मीटरमध्ये १४.७ दिसते तेव्हा प्रत्यक्ष प्रमाण साडेतेरा असते. म्हणून ट्यूनरने लॅम्डाच वाचावा. लॅम्डा १ म्हणजे आहे त्या पेट्रोलला पुरेल एवढीच हवा, मग पेट्रोल कोणतेही असो.

इथवर आल्यावर एक गोष्ट मान्य करावी लागते. कार्बोरेटर सगळीकडे, सगळ्या ऋतूंत बरोबर असू शकत नाही. डिसेंबरच्या पहाटे हवा जड असते, मे महिन्याच्या दुपारी हलकी. मुंबईत लावलेली गाडी महाबळेश्वरला थोडी रिचच चालणार. मग चांगले ट्यूनिंग म्हणजे काय? चूक कुठे सोसायची, हे समजून ठरवणे. पूर्ण मुठीवर चूक करायचीच तर रिचकडे करावी, कारण तिथे १३ वरून १४.७ कडे सरकताना ज्वलनाचे तापमान वाढत जाते, नॉकिंग, म्हणजे मिश्रण अवेळी पेटून होणारी ठकठक, सुरू होते आणि पिस्टन, व्हॉल्व्ह त्याची किंमत मोजतात. थोडे जादा पेट्रोल गेले तर फक्त अॅव्हरेज घटते. एकसारख्या वेगाने, अर्ध्याहून कमी मुठीवर जाताना इंजिनावर भार कमी असतो. तिथे लॅम्डा १ च्या जवळ राहावे. गाडीवर कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असेल तर तो कार्बन मोनॉक्साइड आणि नायट्रोजनची संयुगे एकाच वेळी निवळू शकतो तो याच अरुंद पट्ट्यात. सबंध गाडी ‘सुरक्षित’ म्हणून रिच ठेवणारा माणूस त्या कन्व्हर्टरचे काम बंद पाडतो आणि मागे थांबलेल्या प्रत्येकाच्या नाकात ते पेट्रोल घालतो.

हवा फक्त इंजिन घेत नाही, आसपासची माणसेही घेतात, आणि सायलेन्सरचा गोंगाटही तीच सोसतात, हे ट्यूनरने विसरता कामा नये. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे वाहनाचे मूळ स्वरूप मनाप्रमाणे बदलता येत नाही, आणि महाराष्ट्रातल्या शहरांत जप्त केलेले कर्कश सायलेन्सर पोलिसांनी रोडरोलरखाली चिरडले आहेत. इंजिनाच्या दृष्टीनेही या गोंगाटातून काही मिळत नाही. मोठा आवाज हवा वाढल्याचा पुरावा नसतो, लाट बोथट न झाल्याचा असतो. आवाज वाढला आणि मधल्या फेऱ्यांवर हवा घटली, असे मोकळ्या पाइपवर सर्रास घडते. मॉडिफिकेशन करायचेच तर पहिला प्रश्न हा विचारावा: यामुळे माझे इंजिन नेमक्या कोणत्या फेऱ्यांवर, किती जास्त हवा घेणार आहे? उत्तर मिळत नसेल तर तो भाग बसवण्याचे कारणही मिळालेले नाही.

एवढ्या विवेचनातून हाती येणारी शिस्त छोटी आहे. भाग बदलण्याआधी मूळ गाडी कशी आहे ते मोजून ठेवावे, नाहीतर सुधारणा झाली की बिघाड हे कळायला आधारच राहत नाही. मग एकेक टप्पा, एकेक बदल, आणि प्रत्येक बदलानंतर इंजिनालाच विचारणे. आणि काम पूर्ण झाले की मेन जेटचा नंबर, क्लिपची खाच, एअर स्क्रूचे फेरे किंवा मॅपची प्रत, ट्यूनिंग केले तेव्हाचे गाव, ऋतू आणि पेट्रोल हे सगळे एका कागदावर लिहून गाडीच्या कागदपत्रांत ठेवावे. ती गाडी पुढे ज्याच्या हाती जाईल, किंवा दोन वर्षांनी तीच गाडी ज्या मेकॅनिकपुढे उभी राहील, त्याला इंजिन कोणत्या हवेसाठी लावले होते हे कळेल. तिथून त्याला अंदाजाने जेट बदलावा लागणार नाही, त्याला विचार करता येईल.